धबधब्याची रील व्हायरल झाली, आता गावानं काय करायचं? कोल्हापूरच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांसाठी

पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, या पट्ट्यात आता असा ओढा राहिला नाही की ज्याची रील कुणी टाकली नाही. जूनच्या शेवटी पाऊस लागला की एक व्हिडिओ फिरतो आणि पुढच्या रविवारी गावात गाड्यांची रांग लागते, गावाला काही कळायच्या आत भज्यांची गाडी उभी राहते, कुणाच्या तरी भाताच्या तरव्यात चाकं घुसलेली असतात आणि सोमवारी सकाळी बाटल्या वेचायला गावातलीच पोरं. दोन पावसाळे असंच चाललं की गावात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते पर्यटन पाहिजे, दुसरी म्हणते रस्त्यावर चर मारा आणि सगळं बंद करा.

हे लिहितोय ते सरपंचांसाठी, ग्रामपंचायत सदस्यांसाठी, बचत गटातल्या तायांसाठी आणि मुंबई-पुण्याची नोकरी सोडून गावात होमस्टे टाकायच्या विचारात असलेल्या पोरांसाठी. पर्यटक नकोत असं माझं अजिबात म्हणणं नाही, जिथं उसाला पाणी नाही, भात-नाचणीवर घर चालतंय आणि तरुण पोरगं गावात टिकत नाही तिथं चार पैसे दारात येत असतील तर ते यायलाच पाहिजेत. पण किती माणूस झेपतंय हा आकडा गावानं स्वतः काढायचा, गर्दी व्हायच्या आधी काढायचा आणि गावानंच पाळून घ्यायचा. हे एक झालं नाही तर बाकीचं सगळं, म्हणजे कचरापेट्या, सूचनाफलक, स्वच्छता मोहीम, पहिल्याच मोठ्या रविवारी वाहून जातंय.

आकडा कसा काढायचा

पर्यटनाच्या अभ्यासात याला वहनक्षमता म्हणतात. सिफुएंतेस नावाच्या अभ्यासकानं १९९२ मध्ये संरक्षित जंगलांसाठी याची एक पद्धत मांडली, ती आपल्या ग्रामपंचायतीला सहज जमेल इतकी सोपी आहे. तीन पायऱ्या आहेत. आधी जागेत माणसं मावतात किती ते काढायचं, मग पाऊस, घसरडं, प्राण्यांचा विणीचा काळ असल्या कारणांनी त्यातली वजावट करायची, आणि शेवटी आपल्याकडं सांभाळायला माणसं, संडास, पार्किंग किती आहे ते बघून आणखी कमी करायचं.

टेप घेऊन जागेवर जावा. समजा धबधब्यासमोर उभं राहण्यासारखी जागा ४०० चौरस मीटर निघाली. एका माणसाला मोकळं उभं राहायला ४ चौरस मीटर धरा, म्हणजे एका वेळी १००. सकाळी ८ ते संध्याकाळी ५ म्हणजे ९ तास, एक माणूस साधारण दीड तास थांबतो, म्हणजे दिवसात ६ फेऱ्या, झाले ६००. आता पावसाळ्यात त्यातला निम्मा कातळ शेवाळलेला असतो, तिथं कुणाला उभं करायचंच नाही, म्हणजे राहिले ३००. मग पार्किंग बघा. एका वेळी १५ चारचाकी आणि ३० दुचाकी मावत असतील तर चारचाकीला ४ आणि दुचाकीला २ धरून १२० माणसं, पण गाडी दीड तासात निघत नाही, चालत जाणं, जेवण, चहा धरून ३ तास उभी असते, म्हणजे दिवसाला ३ फेऱ्या आणि ३६० माणसं. ३०० आणि ३६० मधला लहान आकडा आपला. पहिल्या वर्षी त्यातूनही थोडं कमी करून २५० वर गेट बंद करा, कारण आकडा वाढवणं सोपं असतंय, दिलेली सवय मागं घेणं लई अवघड.

बहुतेक गावांत धबधबा भरायच्या आधी रस्ता भरतो, त्यामुळं खरा आकडा रस्त्यावर ठरतो, धबधब्यावर नाही. रस्त्याचं मोजमाप करताना दोन गाड्या डोळ्यासमोर ठेवा, दूध संस्थेची संध्याकाळची गाडी आणि मुक्कामाची एसटी. या दोन गाड्या अडकल्या की ज्यांचा पर्यटनाशी काही संबंध नाही ती माणसं सुद्धा चिडतात आणि ते बरोबरच आहे, कॅनमधलं दूध ट्रॅफिक सुटायची वाट बघत नाही. दुधाच्या वेळेच्या तासभर आधी खालच्या नाक्यावर गाड्या सोडणं बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. ॲम्ब्युलन्ससाठी रस्त्याची एक बाजू दोरी आणि चुन्यानं मोकळी राखा.

आकडा लावला की धंदा बसेल अशी भीती सगळ्यांना वाटते. शेजारच्या साताऱ्यातलं फुलांचं कास पठार बघा. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं आणि गर्दी अशी उसळली की फुलं तुडवली जायला लागली, मग फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग आणि वनविभागासोबत आसपासच्या गावांची समिती असं बसवलं, शुल्काच्या पैशातून गावातल्याच पोरांना काम मिळतंय. तिथं सगळंच बरोबर झालं असंही नाही, पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरं आणि रानातली जनावरं फिरायची थांबली, फुलांवरच त्याचा वाईट परिणाम होतोय अशी टीका झाली आणि शेवटी जाळी काढायला लागली. आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, गुराख्याला हाकलून पर्यटकाला आत घ्यायचं असलं काही करू नका.

नुसता आकडा पुरत नाही, नुकसान पण मोजा

१९८५ मध्ये अमेरिकेच्या वनखात्यातल्या संशोधकांनी या विषयाकडं वेगळ्या बाजूनं बघितलं. शंभर शहाणी माणसं करत नाहीत तेवढी नासधूस दहा दारुडे करतात, म्हणून माणसांच्या आकड्याबरोबर जागेत किती बदल झालेला चालेल हेही आधी ठरवा आणि तो बदल दर महिन्याला मोजा, असं त्यांचं म्हणणं. गावासाठी हे पाच-सहा गोष्टींत बसतंय, त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, हायस्कूलची पोरं सुद्धा करतील.

पायवाटेपासून सुरुवात करा. वाटेवर तीन ठिकाणी दगडाला रंगानं खूण करा आणि दर महिन्याला त्याच खुणेवर वाटेची रुंदी टेपनं मोजा. चिखल झाला की माणसं कडेच्या गवतातून चालतात, वाट रुंद होत जाते, मग पावसाचं पाणी त्या उघड्या मातीतून धावतं आणि दुसऱ्या वर्षी तिथं घळ पडते. ३ फुटांची वाट ५ फुटांची झाली की ती वाट बंद, दगडी पायऱ्या टाकून झाल्याशिवाय उघडायची नाही, असं आधीच लिहून ठेवा. त्याच खुणेवर उभं राहून एक फोटो पण काढा, तारीख टाकून वहीत चिकटवा, दोन वर्षांनी भांडण झालं तर ती वही बोलेल. बाकीच्या गोष्टी म्हणजे रविवारनंतर निघालेली कचऱ्याची पोती, विहिरीच्या पाण्याची पातळी, रस्त्यावर झालेली भांडणं, आणि मोसमात शाळा बुडवून भजी-कणसं विकायला बसलेली पोरं किती. ही शेवटची नोंद कुणी ठेवत नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

आणि प्रत्येक नोंदीपुढं रेषा ओलांडली तर काय करायचं ते पण आजच लिहा. रेषा ओलांडल्यावर बैठक घ्यायची ठरवलं तर बैठकच होते, बाकी काही होत नाही.

जागा कुणाची, हक्क कुणाचा

इथं बरीच गावं अडकतात. धबधबा, सडा, देवराई यातलं बरंचसं वनविभागाच्या हद्दीत असतंय आणि तिथं ग्रामपंचायतीनं आपल्या मनानं गेट टाकून पावती फाडली तर उद्या कुणीतरी तक्रार करणार आणि गाव आरोपी होणार. आधी तलाठ्याकडून गट नंबर आणि हद्द बघून घ्या. जागा वनाची असेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत जावा, समिती नुसती कागदावर असेल तर ती जिवंत करा, शुल्क, मर्यादा, राखणदार हे सगळं वनविभागाच्या लेखी संमतीनं बसवा. गावठाणातलं आणि गावाच्या जागेवरचं पार्किंग मात्र ग्रामपंचायत ठरावानं चालवू शकते. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे, तिची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद, कपाटात असेल, ती बाहेर काढा, कुठल्या जागेवर माणूस अजिबात न्यायचा नाही हे ठरवायला तीच उपयोगी पडते.

राधानगरी अभयारण्याच्या आसपासच्या गावांना नियम आणखी कडक आहेत. १९५८ पासूनचं हे अभयारण्य, गव्यांसाठी प्रसिद्ध, पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ ला तेही आलं. तिथं रिसॉर्ट टाकायला, डोंगर फोडायला मोकळीक नाही आणि ती नसावीच.

पैसा गावात किती थांबतोय

एक कागद घ्या आणि पुण्याहून आलेल्या चार माणसांच्या कुटुंबाचा दोन दिवसांचा खर्च त्यावर मांडा. पेट्रोल, टोल, हायवेवरचं जेवण, कोल्हापुरात लॉज, तांबडा-पांढरा, चप्पल, आणि मग तुमच्या गावात काय तर पार्किंग, चार चहा, दोन प्लेट भजी आणि बाहेरनं आणलेली चिप्सची पाकिटं. त्या चिप्सचे पैसे परत कंपनीला, पाकीट तेवढं ओढ्यात. म्हणजे कचरा सगळा गावाचा आणि कमाई दुसऱ्याची. पर्यटनाच्या अभ्यासात याला गळती म्हणतात आणि जगभरच्या पर्यटनस्थळांचं हे जुनं दुखणं आहे.

गळती थांबवायची तर जास्त माणूस बोलवून उपयोग नाही, आलेल्या माणसाला एक रात्र ठेवायचं. एक रात्र राहणारं कुटुंब दोन वेळचं जेवण, नाष्टा, वाटाड्या, निघताना किलोभर तांदूळ, मध असं घेऊन जातं आणि दिवसभर धिंगाणा घालून जाणाऱ्या दहा गाड्यांपेक्षा गावाला ते परवडतं. बचत गटाचं जेवण चालू करा पण आदल्या दिवशी रात्री ८ पर्यंत ऑर्डर दिली तरच, नाहीतर अन्न वाया आणि बायांचे हाल. ताटात आपल्याकडचंच द्या, नाचणीची भाकरी, पिठलं, पावसाळ्यात कुर्डू-टाकळ्याची भाजी, आजऱ्याकडं असाल तर घनसाळचा भात, त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय हे ताट वाढताना सांगा, लोक विकत नेतात. कोल्हापुरी चपलेला पण २०१९ मध्ये जीआय मिळाला, तुमच्या भागात कारागीर असेल तर पाहुण्यांना त्याच्या घरी न्या, चामडं कसं कमावतात, शिवण कशी घालतात ते बघितल्यावर माणूस भावात घासाघीस करत नाही.

होमस्टेत सगळ्यात जास्त भांडणं गिऱ्हाईक कुणाकडं गेलं यावरून होतात. रस्त्याकडेच्या घराला सगळं मिळतं, वरच्या आळीतल्या घराकडं कुणी फिरकत नाही. त्यावर उपाय म्हणजे पाळी. पंचायतीच्या भिंतीवर एक फळा, त्यावर घरांची नावं ओळीनं, बुकिंग एकाच फोनवर घ्यायचं आणि पुढचं गिऱ्हाईक पुढच्या घराला, ज्याची पाळी झाली त्याच्यापुढं खडूनं टिक. वाटाड्यांचं पण तसंच. ज्या घरातून स्वच्छतेची तक्रार आली ते घर महिनाभर फळ्यावरून खाली. हे फोनवरच्या ग्रुपमध्ये करू नका, भिंतीवरच करा, येता-जाता सगळ्यांना दिसलं पाहिजे, म्हाताऱ्या माणसांना पण. कागदोपत्री बाजूही नीट ठेवा, महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलंय, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते, आणि परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायला लागते हे विसरू नका.

एक गोष्ट तळमळीनं सांगतो. जमीन विकू नका. धबधबा नावाजला की एजंट येतातच, गुंठ्याचा भाव ऐकून डोकं फिरतं, पण एकदा वरच्या अंगाची जमीन गेली की ओढ्याचं पाणी कुणी अडवायचं हे तुमच्या हातात राहत नाही आणि तुमचाच पोरगा तिथं वॉचमन होतो. अगदीच गरज असेल तर भाड्यानं द्या, करारात पाण्याची मर्यादा, सांडपाण्याची सोय आणि गावातल्या माणसांना काम हे लिहून घ्या.

पाणी, बाटल्या आणि दारू

गगनबावड्यासारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये त्याच पट्ट्यातल्या वाड्यांवर बायकांच्या डोक्यावर हंडे, हे बाहेरच्यांना पटत नाही पण आपल्याला माहीत आहे, कातळावरून पाणी पळून जातंय. आणि नेमकी सुट्टीची गर्दी मेमध्येच. म्हणून विहिरीच्या आतल्या दगडावर लाल रेघ मारा, पाणी त्या रेघेखाली गेलं की मुक्कामाची बुकिंग बंद, सरपंचांच्या पाहुण्यांची सुद्धा. बादलीनं आंघोळ हा नियम बुकिंग घेतानाच सांगा, स्विमिंग पूल कुणालाच नको.

कचऱ्यासाठी पेट्या ठेवण्यापेक्षा डिपॉझिट चांगलं चालतं. नाक्यावर गाडीतल्या प्लास्टिक बाटल्या आणि पाकिटं मोजायची, चिठ्ठी द्यायची, ठरलेले पैसे ठेवून घ्यायचे, परत जाताना तेवढा माल दाखवला की पैसे परत. भरलेली पेटी उचलायला गावाकडं घंटागाडी नसते, म्हणून कचरा जसा आला तसा त्याच गाडीतून परत गेला पाहिजे. दारूच्या बाटल्यांचं तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात केलेलं बघण्यासारखं आहे. तिथं फुटलेल्या काचांनी जंगलात जनावरांचे पाय कापायला लागले, प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन रिकामी बाटली परत केली की ते परत द्यायची पद्धत सुरू झाली. आपल्याकडं दुकानं हे करत नाहीत तोवर नाक्यावर आपण करू शकतो, मात्र धबधब्याच्या वाटेवर दारू नेऊच द्यायची नाही हे जास्त चांगलं, कारण बुडण्याच्या घटनांमागं बऱ्याचदा तीच असते. अडवायला पोरं एकटी उभी करू नका, मारामाऱ्या होतात, दोन वयस्कर माणसं, बचत गटातल्या दोन-तीन ताया आणि पोलीस ठाण्याकडून रविवारचा एक बंदोबस्त, असं असलं की आवाज चढत नाही.

संडास ओढ्यापासून लांब, किमान तीस मीटर. नवीन बांधायला पैसे नसतील तर वाटेवरच्या घरांना विचारा, जी घरं बाया-पोरींसाठी संडास वापरू देतील त्यांना पार्किंगच्या पैशातून महिन्याला रक्कम द्या.

काजवे आणि सडा, इथं नियम वेगळे

मेच्या शेवटापासून मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत राधानगरी भागात काजवे दिसतात, आता त्यासाठी मुद्दाम माणसं येतात आणि गावांना त्यातून चांगली कमाई होते. पण काजव्याचा उजेड म्हणजे त्याची जोडीदाराला घातलेली हाक आहे. आख्खं झाड एका लयीत उजळत-विझत असतं आणि तेवढ्यात वळणावरून एका गाडीचा हेडलाइट त्या झाडावर पडतो, झाड विझतं, दोन-चार मिनिटांनी कुठंतरी एखादी फांदी परत चमकायला लागते, तोवर दुसरी गाडी. रात्रभर असं चाललं तर जोड्या जुळत नाहीत, मोठा काजवा जगतो थोडेच दिवस, आणि अंडी कमी पडली की पुढच्या वर्षांत झाड अंधारातच राहणार. त्याची अळी खाली ओल्या पाचोळ्यात वाढते, म्हणजे फोटोसाठी झाडाखाली घुसलेला माणूस पुढची पिढी पायाखाली घेतोय.

त्यामुळं काजव्यांच्या वाटेवर गाडी अर्धा किलोमीटर अलीकडं थांबवायची, दिवे आणि इंजिन बंद, पंधरा जणांचा गट, एक वाटाड्या, मोबाइल खिशात. टॉर्च फक्त वाटाड्याकडं आणि त्यावर लाल जिलेटीन पेपर, लाल उजेडाचा काजव्यांना त्रास कमी होतो. रात्री दहाला सगळे परत. गावातल्या स्ट्रीटलाइटचं तोंड झाडांकडं असेल तर त्या पंधरवड्यात ते बंद ठेवा किंवा खाली वळवा. आणि कुठल्या झाडावर काजवे जमतात याचं लोकेशन कुणी टाकायचं नाही, वाटाड्यांनी सुद्धा नाही, तीच तुमची पुंजी आहे.

सड्याचं पण तसंच. जांभ्या कातळावर माती असते बोटभर, कुठं वीतभर, त्यात पावसाळ्याचे दोन-तीन महिने सीतेची आसवं, गेंद, तेरडा फुलतात. मातीत पोषण इतकं कमी की सीतेची आसवं ही वनस्पती बारीक किडे पकडून जगते. अशा जागेवर जीपचं चाक एकदा फिरलं की ती चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते आणि माती परत बसायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. मसाई पठारासारख्या पसरट जागी गाडी वर चढवायचा मोह सगळ्यांनाच होतो, ड्रोन, बुलेट, जीप, सगळं वर. याला बोर्ड लावून काही होत नाही. जिथून गाडी चढते त्या तोंडावर वनविभागाला सांगून मोठे धोंडे बसवून घ्या, माणूस आणि म्हैस जाईल पण चाक जाणार नाही एवढंच अंतर ठेवा.

ज्याचा धंदा नाही त्याला विचारा

१९७५ मध्ये डॉक्सी नावाच्या अभ्यासकानं पर्यटनाच्या गावातल्या लोकांच्या मनाच्या चार पायऱ्या सांगितल्या, आधी आनंद, मग सवय होऊन बेफिकिरी, मग चिडचिड आणि शेवटी उघड राग. आपल्याला हे बघायला लांब जायला नको. सलग सुट्ट्या आल्या की अंबाबाई मंदिराच्या आसपासच्या पेठांत राहणाऱ्यांना विचारा, स्वतःच्या दारातनं गाडी काढता येत नाही, दवाखान्यात जायचं तर आधी ट्रॅफिकचा अंदाज घ्यायचा. भाविकांवर कुणाचा राग नाही, आईच्या दारात आलेल्याला कोल्हापूर कधीच नको म्हणणार नाही, पण शहराचं नियोजन मागं पडलं की त्याची किंमत शेजारपाजाऱ्यांना मोजायला लागते. किरणोत्सवाचंच बघा. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीपर्यंत पोचतात, बांधणाऱ्यांनी एवढं बारीक गणित केलेलं, आणि आपण त्या किरणांच्या वाटेत बांधकामं उभी केली, आता अडथळे शोधून काढत बसायला लागतंय. आधी मोकळं ठेवलेलं परवडतं, नंतर मोकळं करणं पिढ्यान्पिढ्या संपत नाही.

म्हणून दर तीन महिन्यांनी एक बैठक फक्त अशा लोकांची घ्या ज्यांना पर्यटनातून एक रुपया मिळत नाही. गुराखी, म्हाताऱ्या बाया, शाळेचे गुरुजी, भातशेतीवाले. त्यांना एकच विचारा, मागच्या मोसमात कशाचा त्रास झाला? लिहून घ्या आणि पहिल्या तीन गोष्टी पुढच्या मोसमाच्या आधी सोडवा. पार्किंगच्या पैशातला एक हिस्सा त्यांच्या कामाला गेला पाहिजे, पाणंद रस्ता असेल, शाळेचं छप्पर असेल, देवळासमोरचा दिवा असेल.

गर्दी पसरवायची कशी

मेची सुट्टी आणि जुलै-ऑगस्टचे आठ-नऊ रविवार सोडले तर वर्षभर शुकशुकाट, हे बहुतेक गावांचं चित्र. रविवारी पार्किंगचा दर दुप्पट आणि बुधवारी निम्मा, शाळांच्या सहली फक्त मंगळवार ते गुरुवार, एवढ्यानं सुद्धा फरक पडतो. निलगिरी आणि कोडाईकनालला ७ मे २०२४ पासून ई-पास, म्हणजे यायच्या आधी ऑनलाइन नोंदणी, लागू झाला, कारण किती गाड्या येतात तेच आधी कुणाला नीट कळत नव्हतं. आपण गावपातळीवर साधा गूगल फॉर्म आणि एक फोन नंबर एवढ्यावर आगाऊ नोंदणी चालवू शकतो, कोटा भरला की स्टेटसला टाकायचं, आज गाडी काढू नका. गूगल मॅपवर धबधब्याचा पिन असेल तर दुरुस्ती सुचवून खालच्या पार्किंगचा पिन पुढं आणा, लोक मॅप सांगतो तिथवर गाडी रेटतात.

पन्हाळ्याच्या आसपासच्या गावांनी तर आत्ताच तयारीला लागावं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात पन्हाळा आहे. हा गड नुसता बघायचा नाही, तिथं माणसं राहतात, नगरपरिषद आहे, शाळा आहेत, आणि मुख्य रस्ता एकच, तोही २०२१ च्या पावसात खचला होता. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी बघायला येणाऱ्या गाड्या गडाखाली वाघबीळलाच थांबवून वर मिनीबस सोडल्या तर गडाचा श्वास मोकळा होईल आणि खालच्या गावांना पार्किंग, जेवण, मुक्काम यातून काम मिळेल, असं माझं मत आहे. आषाढात पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला हजारो पोरं चालतात, त्या वाटेवरच्या वाड्यांनी पाण्याच्या बाटल्या विकण्यापेक्षा पाच रुपयांत बाटली भरून द्यावी, चार पैसे मिळतात आणि वाट साफ राहते.

बंद ठेवायचे दिवस पण ठरवा. थायलंडमधलं माया बे हे समुद्रकिनाऱ्याचं ठिकाण २०१८ मध्ये बंद केलं, प्रवाळ परत यावं म्हणून, आणि ते उघडलं जानेवारी २०२२ मध्ये, उघडल्यावर सुद्धा माणसांची मर्यादा घालून. आपण एवढं करायची गरज नाही, आठवड्यात एक दिवस पूर्ण बंद आणि रेड अलर्टच्या दिवशी आपोआप बंद, एवढं पुरे. धबधब्यांवर जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बंदी घालतं तेव्हा मागच्या वाटेनं कुणाला सोडायचं नाही, पाच-पन्नास रुपयांसाठी कुणाचा जीव गेला तर ते गाव परत उठत नाही.

सगळ्यात शेवटी वेळ. हे सगळं १ मेच्या ग्रामसभेत मांडा, कारण पावसाळ्याच्या आधीची ती शेवटची मोठी ग्रामसभा, १५ ऑगस्टला मांडलं तर मोसम निम्मा गेलेला असतो. ठरावात दिवसाचा आकडा, गेटची वेळ, दर, बंदचे दिवस, डिपॉझिट, राखणदारांची नावं आणि जमलेल्या पैशाची विभागणी लिहा. मला योग्य वाटते ती विभागणी अशी, शंभरातले चाळीस राखणदारांच्या मजुरीला, तीस वाट-संडास-कचऱ्याला, वीस गावाच्या कामाला आणि दहा अडीअडचणीला शिल्लक. पैशाला वेगळं बँक खातं काढा, पावतीला छापील नंबर टाका, आणि दर महिन्याच्या १ तारखेला जमा-खर्च त्याच भिंतीवरच्या फळ्याशेजारी लावा. ठरावाच्या प्रती वनविभाग, पोलीस ठाणं आणि तहसीलदार कार्यालयाला द्या, प्रत्येकाकडून शिक्क्यानिशी पोच घ्या आणि ती फाइल ग्रामसेवकांच्या कपाटात एक आणि समितीकडं एक अशी दोन ठिकाणी ठेवा, ग्रामसेवकांची बदली होते.